कुमुदताईंचा हव

रायपूरला येऊन कुमुद गोतमारेंना तेहतीस वर्षं झाली. या गावानं काय दिलं असं कुणी विचारलं तर त्या दोन गोष्टी सांगतात, गुडघेदुखी आणि ‘हव’. गुडघ्यांचं जाऊ द्या, ते कुणाचेही कुठेही दुखतात. पण हव ही खास इथली चीज. छत्तीसगढी माणसाला तुम्ही काहीही सांगत असा, तो मान हलवत मधून मधून ‘हव’ म्हणतो. म्हैस आटली, हव. भावानं घर बळकावलं, हव. आता तुमचं घर बळकावलेलं त्याला पटलेलं असतं का? नाही ना बापा, तो ऐकत असतो. समोरचा बोलतोय आणि आपण दगडासारखं गप्प, हे इथे उद्धटपणाचं समजतात. म्हणून हव. कधी तो ‘हो’ असतो, कधी ‘असं होय’ असतो, आणि पुष्कळदा ‘बोला तुम्ही, मी आहे इथं’ एवढाच असतो.

कुमुदताईंना हे पक्कं ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की त्यांच्या स्वतःच्या तोंडातही तो हव बसला होता. आणि तरी एका दिवशी त्यांनी फळ्यावर जे लिहिलं ते लिहिलं. माणूस शहाणा असून माती खातो, त्यातलाच प्रकार.

माहेर तुमसरजवळचं, वडील खाणीत कारकून. तेविसाव्या वर्षी लग्न होऊन आल्या त्या रायपुरातल्या बुढापारा वस्तीत. नवरा श्यामराव मालगाडीचे गार्ड, म्हणजे आज घरी तर उद्या बिलासपूरच्या पलीकडे कुठेतरी सिग्नलपाशी अडकलेले. एकटीनं घरात बसून भिंती किती बघायच्या, म्हणून कुमुदताईंनी घराच्या पुढच्या खोलीत टेलिफोन बूथ टाकला. बारा वर्षं चालवला. काचेच्या आत लोक बोलायचे आणि बाहेर बसून यांना सगळं ऐकू यायचं. नोकरी लागली म्हणून गावाकडे खोटं सांगणारे, आई गेल्यावरही फोनवर हसून बोलणारे, पोट्टीला फोन लावून तिचा बाप बोलला की रॉंग नंबर म्हणणारे. त्या पोट्ट्यांमध्ये गुढियारी मोहल्ल्यातला सुशील कडवे पण होता, तो पुढे येईल. मोबाईल आले आणि बूथ बसला, पण कान तयार झाले ते झाले. कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय, हे कुमुदताई दोन वाक्यांत ओळखतात. श्यामरावांना विचारा, त्यांनी भोगलंय.

एकोणपन्नासाव्या वर्षी या कानांना नोकरी लागली. गुढियारीत लोखंडाच्या गोदामावरच्या तिसऱ्या मजल्यावर ‘पहारा’ नावाच्या कंपनीनं ऑफिस उघडलं. ही कंपनी कार्डांचा आणि ओळखीचा विमा विकायची. तुमचं बँकेचं कार्ड हरवलं, कुणी तुमच्या आधारवर कर्ज उचललं, तर एक फोन करा, आम्ही सगळं बंद करतो आणि नुकसान भरून देतो. वर्षाची वर्गणी कार्डातून परस्पर कापली जाणार. बोलून चालून धंदा वाईट नव्हता. विक्री सगळी फोनवर. पोरी फोन लावायच्या, माहिती वाचून दाखवायच्या, आणि ग्राहक ‘हो’ म्हणाला की विमा चालू. तो हो खरंच आला की नाही, हे रेकॉर्डिंग ऐकून तपासायचं काम कुमुदताईंचं. आला तर हिरवी खूण, नाही आला तर लाल. हिरवी झाली की पैसे कापायला मोकळे.

पहिल्याच आठवड्यात दिल्लीकडचा एक ट्रेनर आला. टाय लावलेला, घामानं भिजलेला. त्यानं चार रेकॉर्डिंग ऐकली आणि वैतागून विचारलं, “ये सब लोग हव-हव क्या करते हैं? इसका मतलब क्या?”

खोलीत वीस-बावीस वर्षांच्या पोरी बसल्या होत्या. त्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. कुमुदताई उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी टायवाला माणूस त्यांना काहीतरी विचारत होता आणि त्यांना उत्तर येत होतं. त्यांनी मार्कर घेतला आणि फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, ‘हव = हां’.

झालं. ट्रेनरनं फळ्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो कागदावर छापून भिंतीवर लागला, खाली बारीक अक्षरात ‘भाषा मार्गदर्शन : कुमुद गोतमारे’. ताईंनी श्यामरावांना दाखवायला त्याचा फोटो घरी नेला. श्यामराव म्हणाले, “वा, तुहं नाव छापून आलं.” त्या संध्याकाळी घरात शिरा झाला. फळ्यावर एका बारीक शब्दाची जागा राहिली होती, ‘कधी कधी’ एवढीच. ती कुणाच्याच लक्षात आली नाही, लिहिणारीच्या तर नाहीच.

सहा वर्षं कुमुदताईंनी हिरव्या खुणा केल्या. हव ऐकू आला की हिरवी. दिवसाला सत्तर-ऐंशी फोन ऐकायचे म्हणजे कान शब्द ऐकतात, बोलणारा माणूस ऐकत नाहीत. बूथवाल्या कुमुदताई असत्या तर ऐकलं असतं. पण या आता मार्गदर्शनवाल्या झाल्या होत्या.

मग एका दुपारी बिसाहिन आली.

शाळेत मुलांचा भात शिजवणारी बाई, साठीची. तीन जिने चढून आली आणि रिसेप्शनपाशी खालीच बसली. हातात पासबुक. तिच्या खात्यातून सलग दोन वर्षं पैसे गेले होते आणि ते कुठे गेले हे विचारत ती बँकेतून इथे पोचली होती. रिसेप्शनवरची पोरगी तिला हेल्पलाइनचा नंबर लिहून देत होती. कुमुदताई चहाला निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

“मोर कार्ड तो पेटी म परे हे,” बिसाहिन म्हणाली. माझं कार्ड पेटीतच पडलंय. “ओला कोन चोराही, दीदी?” ते कोण चोरणार?

ताईंनी तिला आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि तिचं रेकॉर्डिंग लावलं. चार मिनिटांचा फोन. पलीकडची पोरगी एका श्वासात हिंदी वाचत होती, अटी, शर्ती, वर्षाची वर्गणी, आपोआप नूतनीकरण. मध्येमध्ये बिसाहिनचा आवाज. हव. हव बेटी. हव. शेवटी पोरगी म्हणाली, तो मैं इसे चालू कर दूं? आणि बिसाहिन म्हणाली, “हव बेटी, बोल न, सुनत हौं.”

बोल ना, ऐकतेय मी.

तिथे फोन तुटला. पोरीला हव मिळाला होता, पुढचं ऐकायची तिला गरज नव्हती. आणि त्या रेकॉर्डिंगपुढे हिरवी खूण होती. खूण करणारीचं नाव, कुमुद गोतमारे.

“हे तूच बोलतेस ना?” ताईंनी विचारलं.

“हव,” बिसाहिन म्हणाली. “नोनी अतेक बोलत रहिस, त मैं सुनत रहेंव.” पोरगी एवढी बोलत होती म्हणून ऐकत बसले. ती काही चिडली नव्हती. उलट तिला वाटत होतं, आपल्याकडूनच काहीतरी चुकलं असणार. तेच कुमुदताईंना लागलं. बाईनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आपल्या हातानं बिसाहिनचा तक्रार अर्ज लिहिला, कंपनीला एक आणि विमा नियामकाला एक, आणि तिला खालपर्यंत सोडायला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी लाल खुणा करायला सुरुवात केली. नुसता हव असेल तर लाल. नीट, स्पष्ट ‘हां, चालू करो’ असेल तरच हिरवी. महिन्यात विक्री पावपट झाली.

सुशीलनं बोलावून घेतलं. तोच सुशील, बूथवर रॉंग नंबर म्हणणारा. आता रायपूर ऑफिसचा मॅनेजर. बाप रेल्वेत श्यामरावांच्या बरोबरचा, घरात मराठी, पण हा पोट्टा मराठीला हिंदीतच उत्तर देतो. हव मात्र त्याच्या जिभेवरून उतरलेला नाही, मोठ्या साहेबांच्या फोनवरही ‘हव सर, हव सर’ चालूच असतं.

“दीदी, ये क्या कर रहे हो आप? सब लाल?”

“ऐकून राहिली मी, सुशील. सहा वर्षं नाही ऐकलं, आता ऐकून राहिली.”

“शीट पे तो आपने ही लिखा है.”

“मी चुकीचं लिहिलं. खोड ते.”

“छपा हुआ है दीदी, कैसे मिटाऊं?” असं म्हणून तो खरोखर त्या कागदाकडे बघत बसला, जणू छापलेलं पुसता येत नाही हीच काय ती अडचण.

तक्रारी बिसाहिनच्या एकटीच्या नव्हत्या. धमतरी, महासमुंद, बेमेतरा, कुठून कुठून अर्ज गेले होते. नियामकाचं पत्र आलं : छत्तीसगढमधली तुमची सगळी संमती तपासायची आहे, आमच्या अधिकारी येत आहेत. मग कंपनीची पळापळ झाली. आणि मुख्य ऑफिसातल्या वकीलसाहेबांना एक नामी युक्ती सुचली. ज्या बाईनं हव म्हणजे हां असं लिहिलं, तिच्याचकडून एक दाखला घ्यायचा. स्थानिक भाषेच्या जाणकार म्हणून मी सांगते की हव म्हणजे निःसंशय होकार. एक सही, आणि हजारो हव कायमचे होकार होऊन बसणार, बिसाहिनचा धरून.

त्या रविवारी कुमुदताई गच्चीवर रखिया बडी, म्हणजे आपले सांडगे, घालत होत्या. हात कोहळ्याच्या आणि उडदाच्या वाटणात कोपरापर्यंत. फोन वाजला, त्यांनी कोपरानंच स्पीकर चालू केला. पलीकडून शर्मिष्ठा नावाच्या बाई, कंपनीच्या कायदा विभागातल्या. गोड आवाज. त्या दाखल्याचा मजकूर वाचून दाखवायला लागल्या. ताई बड्या घालत होत्या, ऊन चढत होतं, वाटण सैल होत होतं. समोरची बाई बोलतेय म्हटल्यावर गप्प कसं राहायचं? ताई म्हणत राहिल्या, हव. हव मॅडम. हव. शेवटी शर्मिष्ठा म्हणाल्या, तो आपकी तरफ से ठीक है? आणि ताई म्हणाल्या, “हव, हव, ठेवते आता, कावळा आला.”

सोमवारी टेबलावर कागद तयार. सोबत चिठ्ठी : आपल्या ध्वनिमुद्रित संमतीनुसार दाखला तयार केला आहे, फक्त सही करावी.

कुमुदताईंनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. मग त्या हसल्या. मग त्यांना असा काही संताप आला की कानशिलं तापली. आपणच खणलेल्या खड्ड्यात आपण पडलो हे तर होतंच, पण खड्ड्यात बिसाहिन आधीपासून बसली होती, आणि आज पहिल्यांदा ताई तिच्या शेजारी येऊन बसल्या होत्या.

“नाही करत सही,” त्यांनी सुशीलला सांगितलं.

“दीदी, रेकॉर्डिंग है आपकी.”

“असू दे.”

सुशीलनं दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला. या वेळी तो मराठीत बोलला, आणि त्यावरूनच ताईंना कळलं की आता धमकी येणार. “ताई, हिरव्या खुणा कोणाच्या आहेत? तुमच्या. शीट कोणाची? तुमची. तुम्ही म्हनाल की हव म्हनजे हो नाई, तं पयले तुम्हीच फसता. कंपनी म्हनन, आमच्या बाईनं चुकीचं सांगितलं. नोकरी तं जाईनच, वरून नाव खराब. सही करा ना. कायले मरता?”

ताई काही बोलल्या नाहीत. हव तर मुळीच म्हणाल्या नाहीत. ओठ मिटून बसल्या, आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना समजलं की हव न म्हणणं किती जड असतं.

घरी श्यामरावांनी ऐकून घेतलं. त्यांचं मत आधी साधं होतं. “करून टाक सही. दोन वर्षं राहिले तुहे नोकरीचे. काहून उगा अंगावर घेतं?”

“मी चुकली म्हणून.”

“चुकली तं चुकली. समदेच चुकतात.”

“समद्यांच्या चुकीनं त्या बाईच्या पासबुकातले पैसे नाही गेले. माह्या चुकीनं गेले.” ताईंचा आवाज चढला. “मले फसवणारी म्हणतील, म्हणू दे. पण हव म्हणजे हो, हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही. एकदा अडाणीपणानं लिहिलं. आता लिहिलं तं ते अडाणीपण नाही राहणार.”

श्यामरावांनी ताईंची गोळ्यांची डबी उचलून हलवून पाहिली. मग म्हणाले, “तुले सांगू, मी तीस वर्षं विचारतो, गोळी घेतली का. तू म्हणतं हव. अन् गोळी डबीत असते.”

“तेच तं सांगून राहिली मी,” कुमुदताई म्हणाल्या.

“तं मंग सांग त्याह्यले,” श्यामराव म्हणाले. “मी येतो सोडाले.” आणि शुक्रवारी, अधिकारी यायच्या दिवशी, खरंच स्कूटर काढून त्यांनी ताईंना गुढियारीला सोडलं.

नियामकाच्या अधिकारी यामिनी मॅडम कर्नाटकाकडच्या होत्या. चष्मा, सुती साडी, हिंदी सावकाश आणि मोजकी. मीटिंगच्या खोलीत लांब टेबल, एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला सुशील, आणि वकीलसाहेब भिंतीवरच्या पडद्यावर. दाखल्यावर सही नव्हती, म्हणून कंपनीनं सहीऐवजी गच्चीवरचं रेकॉर्डिंग दिलं होतं. मॅडमनी ते ऐकलं होतं, पण त्या म्हणाल्या होत्या, ही बाई मला समोर पाहिजे.

रेकॉर्डिंग पुन्हा लागलं. हव. हव मॅडम. हव. शेवटी कावळा.

“आवाज आपकी है?” यामिनी मॅडमनी विचारलं.

“आवाज माझा आहे. मेरी है,” कुमुदताई म्हणाल्या. “हव पण माझाच आहे. पण त्याआधी एक लिहून घ्या मॅडम. भिंतीवरचा तो कागद माझा आहे. मी चूक लिहिलं. सहा वर्षं त्या चुकीवर मी हिरव्या खुणा केल्या. त्याची जी शिक्षा असेल ती द्या. पण हव म्हणजे हो नाही. हव म्हणजे मी ऐकतेय.” मॅडमना कळावं म्हणून त्यांनी सगळं पुन्हा हिंदीत सांगितलं, कर्ता-कर्म चुकत, पण न अडखळता.

पडद्यावरचे वकीलसाहेब हसले. ते म्हणाले, बाईंना आता भीती वाटतेय म्हणून त्या शब्द फिरवतायत. सहा वर्षं हो होता आणि आज अचानक नाही झाला? याला पुरावा काय? शब्दकोशात काय लिहिलंय ते बघा.

यामिनी मॅडमनी चष्मा काढून पुसला. पुरावा हवा हे त्यांनाही मान्य होतं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, तो मुद्दा मी नोंदवते. तोवर पुढचं समजून घ्या. आणि त्या सुशीलकडे वळल्या. नियमाप्रमाणे त्यांना कंपनीच्या प्रतिनिधीला परिणाम समजावून सांगायचे होते. त्या सावकाश सांगू लागल्या. संमती नव्हती असं ठरलं तर या राज्यातले असे सगळे विमे रद्द होतील.

“हव मॅडम,” सुशील म्हणाला.

कापलेली सगळी वर्गणी ग्राहकांना परत करावी लागेल.

“हव.”

आणि कंपनीला इथे नवीन विक्री बंद करावी लागेल.

“हव मॅडम, हव.” सुशील मान हलवत होता, हातात पेन, चेहरा अतिशय आदबशीर. लहानपणी मास्तरांपुढे उभा राहायचा तसा. पडद्यावरच्या वकीलसाहेबांचं हसू गेलं होतं, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

कुमुदताईंनी टेबलावर बोट आपटलं. “लिहून घ्या, मॅडम. कंपनीला सगळं कबूल आहे. विमे रद्द, पैसे वापस, विक्री बंद. चारदा हो म्हणाला हा. मी मोजलं.”

सुशीलच्या हातातलं पेन थांबलं. “नहीं नहीं,” तो म्हणाला, “मैंने कब हां बोला? मैं तो बस सुन रहा था.”

यामिनी मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“फिर से बोलिए.”

सुशीलनं पडद्याकडे पाहिलं. मग कुमुदताईंकडे. काचेच्या पलीकडून याच बाईनं त्याचे सगळे रॉंग नंबर ऐकले होते, आणि कधी कुणाला सांगितलं नव्हतं. “मैं… सुन रहा था, मॅडम.”

मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं, पुढे वेळ टाकली, आणि खाली साक्षीदाराची जागा सोडली.

वकीलसाहेब पडद्यावरून काहीतरी बोलायला लागले. कुणी हव म्हणालं नाही. कुमुदताईंनी कागद आपल्याकडे ओढला आणि सुशीलपुढे हात केला.

“पेन दे,” त्या म्हणाल्या. “याच्यावर करते मी सही.”